भिंतीला कान लावून

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची रात्र, साडेनऊ वाजलेले. आमच्याकडे ही वेळ म्हणजे लेकीच्या फोनची. तिच्याकडे तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतात. एरवी सुरुवात ‘बाबा, बीपीची गोळी घेतली का?’ इथून होते. त्या दिवशी मात्र तिने एकदम विचारलं, “बाबा, आजी भिंतीवर बोटं वाजवून काय ऐकायची हो?”

मी क्षणभर गप्पच झालो. आमच्या घरात हा विषय फारसा निघत नाही. का निघत नाही, ते पुढे येईलच.

झालं होतं असं, की लेक आणि जावईबापू नॉर्थ कॅरोलिना राज्यात रॉली शहराजवळ राहतात आणि इतकी वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर आता त्यांनी स्वतःचं घर बघितलं होतं. १९९३ साली बांधलेलं, सायीच्या रंगाचं, लांबून दगडी वाटावं असं. फोटो मलाही पाठवले होते. सौ. तर ते चष्मा पुसून पुसून बघत होती. जावईबापूंनी पडद्यांचे रंगही ठरवले होते. पण बाहेरच्या भिंती दगडाच्या नाहीत, विटांच्या नाहीत आणि सिमेंटच्याही नाहीत. त्या आहेत ‘सिंथेटिक स्टको’च्या. तिकडे घर घेण्याआधी तपासनीस बोलावतात. त्याने सांगितलं की अशा भिंतीची तपासणी वेगळी करावी लागेल, फी वेगळी पडेल. आणि त्याने पहिल्या भेटीत काय केलं, तर बोटाच्या पेराने भिंत ठकठक वाजवून पाहिली! लेकीला तिथेच मौद्याची आजी आठवली.

तिला फोनवर जे सांगितलं ते चार वाक्यांत संपलं. पण मला रात्री झोप लागली नाही. मास्तराची खोड अशी की एकदा प्रश्न अर्धवट उत्तरला की चैन पडत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. नातेवाईक मंडळींना यातलं काही माहीत आहे, काही नाही.

आधी शब्दाचं बघू. स्टको हा इटालियन शब्द. अर्थ आपल्या गिलाव्यासारखाच, म्हणजे भिंतीवर चढवायचा लेप. आणि ‘गिलावा’ हा आपला शब्द मूळचा फारसी. ‘गिल’ म्हणजे माती आणि ‘आब’ म्हणजे पाणी. म्हणजे आज आपण सिमेंटच्या थरालाही गिलावा म्हणतो, तेव्हा नकळत ‘चिखल’च म्हणत असतो. शब्द आपलं मूळ विसरत नाहीत, माणसं विसरतात.

आमचं मौद्याचं घर तर खरोखरच चिखलाचं होतं. वर कवेलू, खाली चार-पाच थर भाजक्या विटांचे, त्याही मातीच्या गाऱ्यात बसवलेल्या आणि त्यावर दीड हात जाडीची मातीची भिंत. दसरा झाला, पाऊस सरला की माय कामाला लागायची. कन्हान नदीच्या बाजूची चिकण माती यायची. आमचा भाग धानाचा, तेव्हा बारीक केलेलं तणस आणि धानाचा कोंडा घरचाच. शेण गोठ्यातलं. हे सगळं कालवून दोन-तीन दिवस मुरू द्यायचं, पायाने तुडवायचं आणि मग भिंत छाबायची. छाबणे म्हणजे लिंपणे, पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो. वरून पांढऱ्या मातीचा पोतारा. दिवाळीपर्यंत घर धुतल्या कापडासारखं दिसायचं.

लहानपणी मला हे काम म्हणजे बायकांचा दरवर्षीचा एक कंटाळवाणा उद्योग वाटे. आज मला ते वेगळं दिसतं. घराच्या भिंतीचा एकेक वीतभर भाग वर्षातून एकदा मायच्या तळहाताखालून जायचा. कुठे उधईने घर केलं, कुठे उंदराने पोखरलं, कुठे ओल उतरली, कुठे जुना थर सुटला, हे तिच्या हाताला कळायचं. शंका आली की ती बोटाचं पेर वाजवायची आणि कान भिंतीजवळ न्यायची. बाजारात माठ घेताना आपण वाजवतो ना, अगदी तसंच. जिथे आवाज बद्द येई तिथला थर खरवडून काढायचा आणि नवा द्यायचा. लिंपणं ही डागडुजी होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती वार्षिक तपासणीही होती. फक्त तिला कोणी तपासणी म्हटलं नाही, तपासनिसाला फी दिली नाही आणि अहवाल कोणी लिहिला नाही.

मातीच्या लेपाला हलकं समजू नका. अजिंठ्याची जगप्रसिद्ध चित्रं काढली आहेत ती मातीच्याच लेपावर. माती, त्यात धानाचा कोंडा, गवत, वनस्पतींचे तंतू आणि वर चुन्याचा पातळ हात. वेरूळच्या लेपाची तर आणखी गंमत. २०१६ साली राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वेरूळच्या लेपात त्यांना भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले सापडले. अजिंठ्याच्या लेपात ही भांग नाही. आणि अजिंठ्याच्या चित्रांचं किड्यांनी बरंच नुकसान केलं आहे, तर वेरूळचा लेप त्या मानाने टिकला आहे. त्याचं श्रेय या अभ्यासकांनी भांगेला दिलं. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी कोणीतरी गवंडी लेपात काय घातलं की काय होतं हे बघत होता, लक्षात ठेवत होता. नाव अर्थातच कुठे नाही.

मातीनंतर चुना. चुन्याचं रसायन मी वर्गात नेहमी गोष्टीसारखं सांगायचो, जरी माझा विषय मराठी असला तरी (विज्ञानाचे सर रजेवर असले की तास माझ्याकडे यायचा!). चुनखडी भाजली की कळीचा चुना. त्यात पाणी टाकलं की तो फसफसतो, तापतो, विरतो. तो भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि परत चुनखडी होतो. म्हणजे दगड भाजून मऊ करायचा, हव्या त्या आकारात भिंतीवर चढवायचा आणि भिंतीवरच त्याचा पुन्हा दगड होऊ द्यायचा. जुन्या वाड्यांसाठी चुना दळायची घाणी असे. जमिनीत गोल दगडी चर, त्यात उभं दगडी चाक आणि ते ओढणारा बैल. कुठे त्यात गूळ घालत, कुठे बेलफळाचा गर, हिरडा, मेथ्या, उडीद, ताग. गावागणिक पाककृती वेगळी.

या चुन्याच्या लेपाचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा नमुना बघायचा तर छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, बीबी का मकबरा बघावा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली. तिची ही कबर १६६०च्या सुमारास पूर्ण झाली. लोक तिला ‘गरिबांचा ताजमहाल’ म्हणतात ते खर्चामुळे. ताजमहालाच्या कोटींपुढे इथे सात लाखांच्या आतच खर्च झाला, असं जुन्या नोंदीत आहे. संगमरवर आहे तो खाली कमरेइतक्या उंचीपर्यंत आणि वर घुमटाला. मधली भिंत आपल्या काळ्या बेसाल्ट दगडाची, तिच्यावर चुन्याचा घोटून घोटून चकचकीत केलेला गिलावा आणि त्यात काढलेली वेलबुट्टी.

१९७८ साली मी आमच्या शाळेची सहल तिथे नेली होती. एका पोराने विचारलं, “सर, हा संगमरवर खरा का खोटा?” मी म्हटलं, “खोटा नाही रे, खरा चुना आहे!” पोरं हसली. पण मला त्या दिवसातलं वेगळंच चित्र आठवतं. एका बाजूला बांबूची परांची बांधून डागडुजी चालली होती. एक म्हातारा कारागीर लाकडी हातोडीने भिंत अगदी हलके ठोकत होता, कान देत होता आणि मधेच खडूने गोल काढत होता. मी विचारलं तेव्हा त्याने हिंदीत समजावलं. आवाज भरीव असेल तर लेप भिंतीला धरून आहे, आवाज पोकळ झाला की दोघांची फारकत झाली. वरून काही दिसत नाही, म्हणून ऐकायचं. मी मोठ्या कौतुकाने हे पोरांना सांगितलं. वहीत लिहून घ्यायला लावलं!

आणि तीच गोष्ट माझी माय घरी करायची, तेव्हा मला त्यात काही कौतुक वाटलं नव्हतं. असो. आता मूळ गोष्टीकडे येतो.

सिमेंट हे आधुनिक जगाचं देणं. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली ‘पोर्टलंड सिमेंट’चं पेटंट घेतलं. पोर्टलंडच्या दगडासारखं दिसतं म्हणून ते नाव. भारतात १९१४ साली पोरबंदरला कारखाना सुरू झाला. पण गावखेड्यात सिमेंट पोचायला फार वर्षं लागली आणि पोचलं तेव्हा ते परमिटवर. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, सिमेंटच्या चार पोत्यांसाठी चकरा मारायच्या, अर्ज करायचे, शिफारशी आणायच्या. याच सिमेंटच्या वाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल लागल्यावर जानेवारी १९८२ मध्ये आपल्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांना, बॅ. अंतुले यांना, राजीनामा द्यावा लागला होता. इतकी त्या करड्या पिठाची किंमत! पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त केलं आणि १९८९ साली पूर्ण. तेव्हा कुठे आमच्यासारख्यांना पोती उघड्या बाजारात मिळायला लागली.

१९८४ साली मी मौद्याच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला. पश्चिमेचीच का, तर पावसाचा मारा तिकडूनच. पगारातून पैसे बाजूला टाकून, कन्हानची धुतलेली रेती आणून, चांगला मिस्त्री लावून. मायचं वय झालं होतं. दरवर्षीचं तुडवणं, छाबणं तिला झेपत नव्हतं. तिचे कष्ट वाचावे हा हेतू अगदी खरा होता. आणि गावात ‘मास्तरांचं घर पक्कं झालं’ असं म्हणावं, हा हेतूही तितकाच खरा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दोन-तीन पावसाळे गेले. भिंत वरून लोखंडासारखी टणक. पण माय अधूनमधून तिथे उभी राहून बोटं वाजवायची. एक दिवस म्हणाली, “भित बरोबर बोलत नाही गा.” मी हसलो. म्हटलं, सिमेंट आहे माय, त्याचा आवाज मातीसारखा कसा येईल? तिने परत सांगितलं, पुढच्या वर्षी आणखी एकदा सांगितलं. मग सांगणं सोडलं. बीए झालेल्या मुलाला किती वेळा सांगायचं?

१९९० सालचा ऑगस्ट. पोळ्याच्या आधीचा आठवडा, सलग चार दिवस झड. पहाटे आवाज झाला तो एखादं झाड पडल्यासारखा. पश्चिमेची अर्धी भिंत आडवी झाली होती. धानाची ढोली तिच्याखाली गेली. माय त्याच खोलीत झोपायची. चूल पेटवायला म्हणून ती नुकतीच उठून गेली होती. माझी लेक तेव्हा पाचवीत, आजीच्याच अंथरुणात झोपणारी. त्या रात्री तिला ताप होता म्हणून सौ.ने आपल्याजवळ घेतली होती. एवढंच. यात माझं शहाणपण काही नव्हतं.

उजाडल्यावर जे दिसलं ते मी विसरलो नाही. सिमेंटचा गिलावा मोठमोठ्या पापडांसारखा अखंड पडला होता, जसाच्या तसा. आणि त्याच्या मागची भिंत? भिंत नव्हतीच, नुसता चिखल होता. सरकलेल्या कवेलूंतून वरून पाणी आत जात होतं, खालून जमिनीची ओल चढत होती. मातीची भिंत दरवर्षी भिजायची आणि दरवर्षी हिवाळ्याच्या उन्हावाऱ्यात वाळायची. मी तिच्यावर बाहेरून झाकण लावलं. पाणी आत जायचे रस्ते तसेच राहिले, बाहेर यायचा बंद झाला. सहा वर्षं भिंत आतल्या आत कुजत होती आणि बाहेरून पक्की दिसत होती.

माय रागावली नाही. त्या पापडावरून हात फिरवत एवढंच म्हणाली, “तू भितीचं तोंडच बांधून टाकलं, बापा.”

भिंतीला कान असतात अशी आपल्याकडे म्हण आहे. तोंडही असतं, हे मला तेव्हा कळलं. माय २००३ साली गेली. तोवर तिने हा विषय एकदाही काढला नाही आणि मीही नाही.

आता लेकीच्या घराकडे. हा सिंथेटिक स्टको जन्मला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत. थंडी अडवण्यासाठी भिंतीवर बाहेरून फोमचे, म्हणजे आपल्या थर्माकोलच्या जातीचे, तक्ते चिकटवायचे. त्यावर काचतंतूंची जाळी लिंपायची आणि शेवटी ॲक्रिलिकचा पातळ रंगीत हात. तिकडच्या भिंती विटांच्या आणि काँक्रीटच्या, त्यामुळे ते छान चाललं. १९६९ साली ही पद्धत अमेरिकेत गेली. स्वस्त, हलकी, ऊब टिकवणारी, हवा तो आकार घेणारी. पण अमेरिकेतली घरं असतात लाकडी सांगाड्याची. खिडकीच्या कडेतून, छत जिथे भिंतीला मिळतं तिथून थोडं पाणी आत जाणारच. ते गेलं की फोमच्या मागे अडकलं. लाकडाचे तक्ते ओले राहिले आणि कुजले. १९९५च्या सुमारास याच नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात हे उघडकीला आलं. फारशी जुनी नसलेली, बाहेरून देखणी घरं. तपासली त्यांतल्या बहुतेकांच्या भिंतींत ओल! खटले झाले, नियम बदलले. नव्या नियमांनी सांगितलं की लेपाच्या मागे पाण्याला खाली उतरून बाहेर पडायला वाट ठेवा.

हे मी वाचलं तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. रोमन वास्तुकार विट्रुवियस, दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या ग्रंथाचा सातवा भाग गिलाव्यावर आहे. चुना नीट मुरला की नाही ते कुदळ मारून कसं ओळखायचं, हेसुद्धा तो सांगतो. कुदळीला डिंकासारखा चिकटला तर मुरला. आणि ओलसर भिंतीवर उपाय काय, तर तिच्यापासून थोडं अंतर सोडून दुसरी पातळ भिंत घाला, मधल्या जागेत तळाला पाट काढा, त्याचं तोंड बाहेर उघडा आणि वर हवेला भोकं ठेवा. म्हणजे भिंतीला तोंड ठेवा! रोममध्ये विट्रुवियसला ठाऊक होतं, मौद्यात मायला ठाऊक होतं. विल्मिंग्टनच्या कंत्राटदारांना आणि मौद्याच्या मास्तराला घर बिघडल्यावर कळलं.

लेकीचं घर १९९३चं, म्हणजे नियम बदलण्याआधीचं. मी तिला म्हटलं, “बेटा, फी कितीही असो, तपासणी करून घे. आणि तू स्वतः त्याच्याबरोबर फिर.”

ती फिरली, आणि रात्री मला सगळं सांगितलं. तपासनिसाने आधी घराभोवती शांतपणे चक्कर मारली. लेप जमिनीच्या वर कुठे संपतो ते पाहिलं. तो मातीत गाडलेला असेल तर ओल आणि उधई दोन्हींना शिडी मिळते. खिडक्यांच्या कडांचं रबरासारखं भरण कुठे फाटलंय ते बघितलं. उतरत्या छताची कड जिथे भिंतीवर संपते, तिथे पाणी बाहेर फेकणारा पत्र्याचा छोटा तुकडा लावलेला असतो, तो नव्हता. मग भिंत वाजवली. शेवटी दोन लांब सुयांचं यंत्र काढलं. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत बारीक भोकं पाडून सुया आतल्या लाकडापर्यंत घातल्या आणि काम झाल्यावर भोकं बुजवली. लाकडात ओल १९-२० टक्क्यांच्या वर गेली की काळजी. पूर्वेला १२, १३ आले. पश्चिमेच्या खिडकीखाली ३५च्या वर.

पुन्हा पश्चिमच!

घरमालकाने तेवढा तुकडा उघडायला परवानगी दिली. आतलं लाकूड हाताने ओल्या भाकरीसारखं तुटलं, असं लेक म्हणाली. बाहेरून तिथे डागसुद्धा नव्हता. त्यांनी ते घर सोडलं. पडद्यांच्या रंगांसकट. फोनवर ती थोडी रडली. मग म्हणाली, “बाबा, त्या रात्री मला ताप होता म्हणून मी आईजवळ झोपले होते ना?” म्हणजे तिला सगळं आठवतंय. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती विसरली.

मी म्हटलं, “हो. आणि आजीने मला तीनदा सांगितलं होतं.” हे मी तिला पहिल्यांदाच सांगितलं.

आता आपल्या गावचं. मौदा आता पूर्वीचं राहिलं नाही. एनटीपीसीचं २३२० मेगावॉटचं वीज केंद्र आलं, राख आली आणि राखेच्या करड्या विटा आल्या. घरं उठतात सहा महिन्यांत. वर पुट्टी आणि त्यावर टेक्स्चर. सिमेंट वाईट असं मी म्हणत नाही. विटा-सिमेंटच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा शोभतो आणि टिकतो. माझी चूक मातीवर सिमेंट चढवण्याची आणि मग ऐकणं बंद करण्याची होती. म्हणून भाचे-पुतण्यांनो, चार गोष्टी सांगतो, मास्तर म्हणून ऐका.

दरवर्षी पाऊस उघडल्यावर आठ-दहा दिवसांनी घराभोवती एक चक्कर मारा. सगळी भिंत वाळली आणि एखादाच पट्टा ओला राहिला, तर तिथे पाणी मुक्कामाला आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीला गाल लावून बघा, फुगवटा लगेच दिसतो. मग पेराने नाहीतर थापीच्या लाकडी मुठीने वाजवा आणि बद्द आवाजाला खडूचा गोल करा.

भेगा सगळ्या सारख्या नसतात. जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा बहुधा तराई कमी झाल्याच्या. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात गिलावा केला आणि पाणी मारायला आळस केला की त्या येणारच. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली सरळ उभी भेग म्हणजे गिलाव्याआधी कोंबडी जाळी लावली नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी भेग मात्र लक्षात ठेवा. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहा. पुढच्या वर्षी भेग रेघेच्या पुढे गेली असेल, तर इंजिनियरला बोलवा, रंगाऱ्याला नको.

पाणी येतं कुठून ते शोधा. खिडकीच्या खालून, गच्चीच्या कठड्याच्या माथ्यावरून, एसीच्या नळीसाठी पाडलेल्या भोकातून. छज्जाच्या खालच्या कडेला एक खाच असते. थेंब तिथे अडून खाली पडतो, भिंतीपर्यंत पोचत नाही. नव्या घरांत ती खाच पुष्कळदा विसरतात. आणि गावातले सिमेंट रस्ते दरवेळी जुन्यावर नवा थर घालून वर चढतात, घराचं जोतं तिथेच राहतं. पायथ्याला पांढरा लोणा फुटला की आधी अंगणातलं पाणी कुठे वाहतं ते बघा. लोण्यावर पुट्टी लावणं म्हणजे ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटर फोडणं. ओली भिंत वाळल्याशिवाय तिच्यावर काहीही चढवू नका.

आमच्या जुन्या घरातली एक भिंत अजून मायच्या हातची आहे, मागच्या ओसरीतली. पुतण्याचा आग्रह होता, ‘काका, त्यावर टेक्स्चर मारून टाकू, शोभा येईल.’ मिस्त्रीही आला होता. मी विचारलं, चुन्याचं काम करता का? तो म्हणाला, “काका, चुना आता पानठेल्यावरच मिळते!” सगळे हसले, मीही हसलो. पण भिंत तशीच ठेवायची ठरली.

लेक या दिवाळीला येते आहे. पोरांनाही आणणार आहे. मी माती सांगून ठेवली आहे, तणस शेजारच्यांकडून मिळेल, शेण मात्र आता विकत आणावं लागेल. छाबणं मला धड येत नाही. गल्लीतल्या एक सत्तरीच्या बाई येतो म्हणाल्या आहेत. भिंत वाजवून मी काल पाहिली. उजव्या कोपऱ्यात, कमरेच्या खाली, आवाज थोडा बद्द आहे. तिथे खडूने गोल केला आहे.